डाव्या हाताचा उतार

डिस्क गवतात पडली आणि थांबली. वाळक्या पिवळ्या गवतात तिची केशरी कड मला वरून स्वच्छ दिसत होती. मी उतरायला पाऊल उचललं, तेवढ्यात ती कडेवर उभी राहिली, जराशी डुगडुगली आणि निघाली. घाई अजिबात नव्हती तिला. ओकच्या एका बुंध्याला वळसा, मग पायवाट आडवी ओलांडून पलीकडे, मग पाचोळ्यातून चुरचुर आवाज करत खाली, आणखी खाली. दिसेनाशी झाल्यावरही तिचा आवाज थोडा वेळ येत राहिला. जावई कमरेवर हात ठेवून ऐकत होते. "डेला आहे हे, आई," ते म्हणाले. "इथं आपण अर्धंच फेकतो. बाकीचं टेकडी पाहून घेते."

डेला म्हणजे डेलाव्हिएगा. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ या समुद्रकाठच्या गावाच्या डोक्यावर एक मोठं उद्यान आहे. त्याच्या डोंगरउतारांवर, ओकच्या रानात, 1980च्या दशकापासून डिस्क गोल्फचं मैदान आहे. मैदान म्हणायचं ते आपलं सवयीने. सपाट जागा तिथं शोधून काढावी लागते, आणि सापडलीच तर तिथं बाक ठेवलेलं असतं. (वाईच्या मैत्रिणीला फोनवर म्हटलं, सांताक्रूझला गेले होते, तर तिने विचारलं, विमानतळावर कुणाला सोडायला?)

लेकीकडे अमेरिकेला आलेल्या आयांचा दिनक्रम साधारण ठरलेला असतो. सकाळी कॉलनीत फेरी, दुपारी नातवंडं, शनिवारी भारतीय किराणा, रविवारी देऊळ. त्या शनिवारी लेकीचं ऑफिसचं काम निघालं, नातीला कुणाच्या तरी वाढदिवसाला सोडायचं होतं, आणि जावई गाडीची किल्ली हातात घोळवत दारात उभे राहून म्हणाले, "चलता का, आई?" जावई नागपूरचे. मी त्यांना अजूनही अहो-जाहो करते आणि ते मला अजूनही थोडे बिचकून असतात. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईंची लेक केली की हे आलंच. आम्हा दोघांना बोलायला हक्काचा विषय एकच, हवामान. हायवे 17च्या वळणांवर तो संपला, आणि पुढे सांताक्रूझ येईपर्यंत आम्ही रेडिओ ऐकला.

खेळ सांगायला सोपा आहे. एका ठरलेल्या ओट्यावरून डिस्क फेकायची. दूर कुठेतरी एक लोखंडी खांब असतो, त्याला वर गोल कडं, कड्यापासून लोंबणाऱ्या साखळ्या, आणि त्यांच्याखाली जाळीची टोपली. डिस्क जिथं पडेल तिथं चालत जायचं, तिथूनच पुढची फेक करायची, आणि साखळ्यांत आपटून ती टोपलीत पडली की तो टप्पा संपला. कमी फेकींत पोचेल तो जिंकला. तिकीट नाही, गणवेश नाही. कुत्री घेऊन लोक येतात. एक जण फेकत असला की बाकीचे बोलणं थांबवतात, एवढी एक रीत मात्र सगळे कसोशीने पाळतात. ती बघून मला आमच्या स्टाफरूमची आठवण झाली, कारण तिथं ती कधीच पाळली गेली नाही.

जावयांच्या पाठीवरच्या पिशवीत उभ्या रचलेल्या डिस्क होत्या. धारदार कडेच्या लांब जाणाऱ्या, मधल्या पल्ल्याच्या, आणि टोपलीजवळ वापरायच्या जाड बोथट कडेच्या. प्रत्येकीच्या पोटाशी मार्करने त्यांचं नाव आणि फोन नंबर. हरवलेली डिस्क कुणाला सापडली तर तो फोन करतो म्हणे, आणि बहुतेक वेळा करतोच. पाठीवर छापलेले चार आकडे होते. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीला ती कुठं झुकेल त्याचा, चौथा दमल्यावर कुठं कलेल त्याचा. वस्तूने आपला स्वभाव असा आधीच पाठीवर छापून घ्यावा, हे मला फार आवडलं. नकाशाच्या कोपऱ्यात खुणांची सूची असते, ती मी मुलांकडून नकाशाच्या आधी वाचून घ्यायची. इथंही मी आधी आकडेच वाचत बसले. जावयांनी माझ्यासाठी एक हलकी, 150 ग्रॅमची काढून ठेवली होती.

ही थाळी मुळात स्वयंपाकघरातली. 1930च्या दशकात फ्रेड मॉरिसन नावाचा एक तरुण आणि त्याची मैत्रीण लुसील सांता मोनिकाच्या वाळूत केकचं टिनपाट एकमेकांकडे फेकत होते. पाच सेंटच्या त्या टिनपाटाला कुणीतरी पंचवीस सेंट देऊ केले, आणि मॉरिसनच्या डोक्यात धंद्याची कल्पना आली. पुढे 1957मध्ये व्हॅम-ओ कंपनीने त्याची प्लास्टिकची तबकडी बाजारात आणली आणि तिचं फ्रिस्बी झालं. त्याच कंपनीतल्या एड हेडरिकने तिच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार कंगोरे घातले, त्यामुळे ती हवेत स्थिर राहू लागली. त्याचं पेटंट त्याला 1967मध्ये मिळालं. मग 1975मध्ये पॅसाडिनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याने पहिलं कायमचं डिस्क गोल्फ मैदान उभं केलं. आधी नुसते खांब होते. खांबाला डिस्क लागली की नाही यावर भांडणं होऊ लागली, तेव्हा साखळ्या आणि टोपली आली. त्या उद्यानाला लागूनच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे. कुंपणाच्या एका बाजूला मंगळावर यानं धाडायची तयारी, दुसऱ्या बाजूला ताटल्या फेकणारी माणसं. दोन्हीकडे फेकलेली वस्तू नंतर कुठं जाते हीच काळजी.

हेडरिक 2002मध्ये वारला, याच किनाऱ्यावर, ला सेल्वा बीचला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून थोड्या डिस्क ओतल्या गेल्या आणि त्या त्याच्या माणसांकडे गेल्या. हे जावयांनी मला चालता चालता अगदी सहज सांगितलं. मी थांबलेच. आमच्याकडे कृष्णेच्या घाटावर हे काम होतं. वाहतं पाणी ते घेऊन जातं आणि कुठं नेलं ते आपण विचारत नाही. इथं माणूस मेल्यावरही फेकला जातोय, झाडाला आपटतोय, कुणाच्या तरी छपरावर अडकून बसतोय. मला हे विचित्र वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हरवलेल्या डिस्कवर नंबर कुणाचा घालत असतील?

पहिले काही टप्पे मी नुसती बघत होते. बघताना जे दिसलं ते मी फळ्यावर काढत आले होते, पण पायाखाली कधी घेतलं नव्हतं. समोच्च रेषा शिकवायच्या असल्या की मी वर्गात अर्धा बटाटा न्यायची. त्याचे आडवे काप करायचे, मोठा काप कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, मग त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. रेषा जवळ जवळ तिथं उतार तीव्र, लांब लांब तिथं मंद. मागच्या बाकावरचा कुणीतरी विचारायचाच, बाई, बटाटा मग कुणाला? मग अंतर्वक्र आणि बहिर्वक्र उतार. अंतर्वक्राच्या माथ्यावर उभं राहिलं की पायथा दिसतो. बहिर्वक्राच्या माथ्यावरून पायथा दिसत नाही, कारण मधलं पोट आड येतं. दोन गुणांचा प्रश्न. आकृतीसह लिहिलं तर पूर्ण गुण.

डेलावर ते पोट दर दोन-तीन टप्प्यांनी आड येतं. ओट्यावर उभं राहावं तर समोर जमीन थोडी पुढे जाते आणि संपते. तिच्यापलीकडे झाडांचे शेंडे. टोपली कुठंय ते ठाऊक असलेल्याने पुढे जाऊन उभं राहायचं आणि डिस्क कुठं पडते ते सांगायचं. मी ते काम मागून घेतलं. उतारावर, ओकच्या सावलीत, मान वर करून उभी. वरून जावयांचा आवाज: "आली!" आणि मग आकाशाच्या तुकड्यातून एक निळी थाळी कड दाखवत येते, डोक्यावरून निघून जाते, आणि शेवटी, वेग सरला की, डावीकडे कलत झाडांत शिरते. उजव्या हाताने अशी, छातीसमोरून बाहेर फेकलेली डिस्क अखेरीला डावीकडेच कलते. स्वतःभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असते, त्याचा हा परिणाम. उतारावर ती जमिनीपासून दूर राहते, म्हणून जास्त वेळ उडते, आणि जास्त वेळ उडते म्हणून हे कलणंही जास्त होतं. सपाटीवर हातभर सरकली असती ती इथं पाच माणसांची वाव सरकते. चढावर उलटं. नाक थोडं वर झालं की डिस्क हवेतच उभी राहते आणि फेकणाऱ्याच्या पायाशी परत येऊ बघते. (डिस्कच्या पुढच्या कडेला खेळणारे नाकच म्हणतात. "आई, नाक खाली," हे मी त्या दिवशी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी स्वतःचंही खाली केलं.)

मी डावखुरी. लिहिते उजव्या हाताने, कारण दुसरीतल्या गुरुजींनी तो प्रश्न पट्टीने सोडवला. वाढते उजव्या हाताने, कारण आजी. पण चिंचा आणि कैऱ्या पाडायच्या वेळी कुणी बघत नसे, तेव्हा तो हात डावाच राहिला. जावयांनी डिस्क माझ्या उजव्या हातात दिली आणि मी ती नकळत डावीकडे घेतली, तेव्हा ते जरा चपापले. मग त्यांना आनंदच झाला. "अरे वा! मग तुमची उजवीकडे जाणार नं."

आणि इथं टेकडी दुभंगते. डोंगराच्या कुशीतून आडवा जाणारा टप्पा असेल, डाव्या हाताला चढ आणि उजव्या हाताला दरी, तर जावयांची डिस्क शेवटी डोंगराकडे कलते, टेकते, तिथंच राहते. माझी दरीकडे. आणि दरीकडे कललेली डिस्क कडेवर उतरली की मग ती कुणाची नसते. पुढच्या वळणावर डोंगराची बाजू बदलली की मी सुखरूप आणि ते पाचोळ्यात. आम्ही एकाच वाटेने चाललो होतो, एकाच ओट्यावरून फेकत होतो, पण माझा उतार निराळा आणि त्यांचा निराळा. नकाशा दोघांना एकच सांगतो. नकाशा काढणाऱ्याने वाचणाऱ्याचा हात कुठला ते विचारलेलं नसतं. हे मला पूर्वी कधी सुचलं असतं तर बोर्डाच्या कुठल्यातरी बैठकीत बोलून दाखवलं असतं, आणि नंतर चहाच्या वेळी सगळे माझ्यापासून लांब उभे राहिले असते.

डोंगर आमच्याकडे चढायचा असतो. गडावर जायचं, मांढरदेवीला जायचं, जळण आणायचं, गुरं न्यायची. वाट आधीपासून पडलेली असते, पुढच्याच्या टाचेकडे बघत जायचं. पसरणीच्या घाटात मी आयुष्यात किती वेळा एस.टी.त बसले असेन, पण त्या उताराचं कुठलं अंग मला माहीत आहे? रस्ता जेवढं दाखवतो तेवढंच. इथं रस्ता डिस्क ठरवते. ती जिथं गेली तिथं जायचं, मग ते झुडपात असो की घळीत, आणि तिथं पोचल्यावर कळतं की या घळीला तळाशी ओल आहे, इथं ऊन पोचत नाही, इथं एक बोटभर लांब पिवळीधमक गोगलगाय, शंख नसलेली, पानावर पसरून बसली आहे. बनाना स्लग. सांताक्रूझच्या विद्यापीठाने तिला आपलं मानचिन्ह केलंय, हे जावयांनी सांगितलं तेव्हा मला त्या विद्यापीठाबद्दल एकदम आदर वाटला. सिंह आणि गरुड सगळेच घेतात.

त्या घळीतच माझी डिस्क सापडली, पण जावयांनी मला हात लावू दिला नाही. ती एका झुडपाला टेकून होती. चकचकीत, किंचित लालसर, तीन-तीन पानांचे झुबके. पॉयझन ओक. नाव ओकचं, पण झाड ओकच्या कुळातलं नाही. आंबा, काजू, बिब्बा यांच्या कुळातलं ते. पानाचा रस अंगाला लागला की फोड येतात, आठवडाभर खाज जात नाही. मला सांगायची गरजच नव्हती. आमच्या आळीतल्या परटाचा हात बिब्ब्याने उतलेला मी लहानपणी पाहिला आहे. कपड्यांवर खुणा करताना त्याच्या बोटांच्या बेचक्यात काळं तेल उतरलं होतं आणि पुढे किती तरी दिवस तो डाव्या हाताने इस्त्री करत होता. हापूसच्या देठाचा चीक ओठाला लागून भाजलेलं तर कोण विसरेल? इतक्या लांब, परक्या डोंगरात, या झुडपाशी माझं असं नातं निघावं! जावयांनी काठीने डिस्क ओढून काढली, गवतावर घासली, आणि तरीही ती निराळ्या पिशवीत ठेवली.

दुपार झाली तरी थंडी होती. दरीतून धुकं वर येत होतं, उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत. लाब्राडोर, कॅलिफोर्निया, पेरू, बेंग्वेला: शीत प्रवाहांची ही यादी मी इतक्या वर्गांकडून घोकून घेतली आहे की मधला एखादा शब्द गाळला तर कानाला ठेच लागते. त्यातला दुसरा त्या दिवशी माझ्या स्वेटरमध्ये शिरला. थंड समुद्रावरून आलेली हवा, तिचं धुकं, आणि त्या धुक्यात लवकर खाली बसणारी डिस्क. जावयांना वाटलं मी दमले, कारण मी बाकावर बसून समुद्राच्या दिशेने नुसती बघत होते. गुडघे दुखत होते, हेही खरं.

बसल्या बसल्या मी त्यांना सह्याद्री सांगितला. आमचा डोंगर लाव्ह्याचा, 6 कोटी वर्षांहून जुना, एकावर एक पसरलेल्या थरांचा. म्हणून तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. कडा, मग पदर, पुन्हा कडा. वरून काही पडलं तर पदरात अडकतं. धनगरांचे वाडे त्या पदरातच असतात, पाणीही तिथंच. हा इथला डोंगर समुद्रतळच्या गाळाचा, सॅन अँड्रियास भ्रंशाने दाबून वर उचललेला. इथं पदर नाही. जे निघालं ते तळाला जाऊन थांबतं. जावई म्हणाले, "आणि ते उचलणं अजून चालू आहे." 17 ऑक्टोबर 1989ला 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला, केंद्र इथून जवळच, गावाचा बाजार उद्ध्वस्त झाला. मी म्हटलं, आमच्या पायऱ्याही तशा ठाम नाहीत. 11 डिसेंबर 1967ची पहाट, कोयनेचा भूकंप. मी लहान होते. आईने मला अंथरुणासकट उचलून अंगणात आणलं होतं, आणि दिवस उजाडेपर्यंत आळीतली सगळी माणसं जमिनीकडे बघत उभी होती. जावयांनी हे माझ्याकडून पहिल्यांदाच ऐकलं. नागपूरला तेव्हा काही जाणवलं होतं का, हे घरी विचारतो म्हणाले.

शेवटच्या, सत्ताविसाव्या टप्प्याला टॉप ऑफ द वर्ल्ड म्हणतात. नाव ऐकून मी जरा नाक मुरडलं. अमेरिकन माणसाला जग फार लवकर सापडतं. पण ओट्यावर उभं राहिल्यावर खाली उतार, उताराखाली झाडं, आणि त्यापलीकडे, धुकं फाटलं होतं तेवढ्या फटीत, मॉन्टेरेचा उपसागर. आमच्या आधी एक पोरांचं टोळकं होतं. त्यांच्यातल्या एकीने धावत येऊन डिस्क सोडली, आणि ती इतका वेळ हवेत राहिली की मी मध्ये एकदा दुसरीकडे बघून घेतलं. आधी उजवीकडे सरकली, मग सरळ, मग उंची हरवत हरवत डावीकडे, आणि टोपलीच्या बरीच खाली उतरली. पोरं ओरडली. मुलगी स्वतः काही बोलली नाही. तिचे डोळे अजून खालीच होते. डिस्क उभी राहते का, ते बघत होती.

मी टाकली तेव्हा ती उजवीकडे गेली. कुठं, ते धुक्यातून नीट दिसलं नाही, आणि जावई बरेच खाली उतरून तिला शोधत असताना मी वर उभी राहून त्यांना हात करत होते: अजून उजवीकडे, अजून. पंचवीस-तीस वर्षं मुलांना नकाशावर बोट ठेवायला सांगण्याचा तो परिणाम.

परतताना हवामानावर कुणी बोललं नाही. पाचगणीच्या टेबललँडवर असं मैदान करता येईल का, हा विषय निघाला. माथा सपाट, म्हणजे तिथं मजा नाही. ओटे कडेला हवेत आणि टोपल्या खालच्या पदरात. "मग मधल्या कड्याचं काय?" ते म्हणाले. "आणि आमच्या नागपुरात सेमिनरी हिल्स आहे नं, तिथं उतार आहे, झाडं आहेत."

"उंची किती?" मी विचारलं.

"आई, ही परीक्षा आहे का?"

लॉस गॅटोसपर्यंत आम्ही टोपल्या लावत आलो. त्यांनी सेमिनरी हिल्सवर लावल्या, त्या मी उचलून पसरणीच्या बाजूला आणल्या. जांभ्यावर घासून प्लास्टिकच्या कडा किती टिकतील याचा हिशेब काही लागला नाही. पावसाळ्यात काय करायचं, गुरांनी टोपली पाडली तर काय, घाटाच्या वळणावरून खाली गेलेली डिस्क आणायला उतरणार कोण, यावर अजून फोनवर बोलणं चालू आहे. लेक म्हणते, तुम्ही दोघं नक्की कशावर भांडताय ते एकदा मला सांगा.